साहेबांची गाडी वळेपर्यंत

निपाणी स्टँडवर सदलग्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या उपासनाच्या कानावर मागच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं पडत होतं.

“आक्का, तुमच्या तेजस्वीच्या शाळेत लायब्ररी झाली म्हणं?”

“झाली की! कपाटभर पुस्तकं, टॅबबी आल्यात. सगळं कुलपात!”

“ते का?”

“हेडमास्तर म्हणत्यात, पोरं खराब करत्यात. पुस्तकं आणल्यात का दागिनं?”

“मग उघडत्यात तरी कधी?”

“काल तपासणीला साहेब आलते, तवा वाटली की! फोटो काढलं आन् साहेबांची गाडी वळली की पोरांच्या हातातनं वढून घेतली.”

“आन् टॅब?”

“त्येच्यावरचं प्लास्टिकबी काढलं न्हाय!”

“तेजस्वी काय म्हणाली?”

“तिची गोष्ट निम्मीच वाचून झालती. सकाळधरनं एकच इचारायलीय, साहेब परत कधी येणार?”