चांदी म्हणजे साडेदहा

मला एक सांगा, माणसानं विश्वास कुणावर ठेवावा? सरांवर, सराफावर, का नुसत्या नळाच्या पाण्यावर? हसू नका… भांड्यांच्या दुकानात उभा जन्म गेला माझा, पण अजून कुणी गिऱ्हाईक "भरीव आहे ना?" म्हणालं की मला दुकान दिसत नाय, दिसते ती चिकलठाण्याची आमची शाळा, प्रयोगशाळेतला तो स्पिरिटचा वास, आणि गळ्याला दोरा बांधून मोजपात्रात सोडलेला बाळकृष्ण.

व्हय, बाळकृष्ण. चांदीचा, रांगता, अंगठ्याएवढा. त्याचं असं झालं, धातूची घनता काढायचा तास, आणि शाळेचा पितळी ठोकळा ऐन वेळी गायब. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बसा गप, पुस्तक वाचा. पण आमचे मधुसूदन सर… त्यांच्या वैदेहीचं लग्न तोंडावर आलेलं, लेकीबरोबर सासरी द्यायचा देव सकाळीच सराफ्यातून आणलेला, पिशवीत होताच. काढला बाहेर. "आधी वजन करा, मग पाण्यात सोडा, पाणी किती चढलं बघा, वजनाला तेवढ्यानं भागा. आणि ध्यानात ठेवा, चांदी म्हणजे साडेदहा."

झालं की मग! उत्तर आधीच कळल्यावर मोजतंय कोण? आमच्या वर्गाची रीतच ती, उत्तर आधी लिहायचं आणि पाणी त्याला लागेल तेवढं चढवायचं. आख्ख्या वर्गाचं साडेदहा. एकटी संध्या तेवढी दोरा सोडायची, डोळा पाण्याच्या रेषेला लावायची, परत वर ओढायची…

"सर, साडेसहा येतंय."

"संध्या, चांदी म्हणजे साडेदहा."

"पण पाणी लई चढतंय, सर."

मागून कडूबा म्हणतो, "तुझ्या हाताला देव फुगतो काय गं?" वर्ग खिदळला. सर उठले, दोरा स्वतः धरला. देव सोडला, काढला, पुसला, पुन्हा सोडला… आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा चेहरा असा उतरला की कडूबासुद्धा उठून मोजपात्राशी आला. देव आतून पोकळ, पोटात लाख भरलेली. तोच वैदेहीच्या सासरी जाणार, आणि तिथं उद्या कुणी पारखला असता, तर लेकीनं कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

शाळा सुटली तसे सर मोजपात्र घेऊन सायकलवर थेट सराफ्यात. सराफ म्हणे, "गुरुजी, देवाला कुणी आंघोळ घालून तोलतं का?" सर म्हणाले, "आमच्याकडं नववीतल्या पोरी तोलतात," आणि गादीवरच मोजपात्र मांडलं. गिऱ्हाइकं माना वर करून बघायला लागली, तसा सराफानं मुकाट भरीव देव काढून दिला.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले. "काल या पोरीनं माझ्या लेकीची लाज राखली. तुम्ही बाकीचे एकजात खोटारडे. हा घ्या बदलून आणलेला देव, आता ज्यानं त्यानं खरं लिहायचं."

लाजेनं मेलो आम्ही. माना खाली घातल्या, आणि आख्ख्या वर्गानं, दोऱ्याला हातसुद्धा न लावता, लिहून टाकलं… साडेसहा. मोजतंय कोण? संध्याचं काल बरोबर निघालं होतं ना.

ती तेवढी मोजपात्राशी वाकलेली. "सर, आज साडेदहा येतंय."

सरांनी आमचं सगळ्यांचं बघितलं, चष्मा काढला, पुसला, आणि परत घालायचा विचारच सोडून दिला.

म्हणून हात जोडून सांगतो, हिशोब ठेवाल तो खरा ठेवा, चुकला तरी चालेल, पण आपण मोजून ठेवा… मी सांगितलं म्हणून नको.