चाळीस फॉर्मांवर ‘कधीच नाही’

आपल्या पोटाची खबर आपल्याइतकी दुसऱ्या कोणालेच नसते, असं पोरींच्या जेवणाची तपासणी करायले आलेल्या पुण्याच्या मॅडम माईकवर बोलल्या, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून मान हलवली, खोटं काऊन बोलू, मले पटलं होतं. मंग त्यांनी पोट्ट्यांले फॉर्म वाटले.

मी कमलबाई, मूळची जानेफळची. बुद्धपौर्णिमेले विहारात खिरीचं पातेलं माह्या मायकडं असे. वाढतावाढता माय मले म्हणे, ज्याचं ताट रिकामं झालं त्याच्याकडं नोको पाहू, जो नुसतं कालवत बसला त्याच्यापाशी जाय. शाळा चौथीपर्यंत, मंग लग्न, मंग नवरा वारला, लोकाच्या शेतात सोयाबीन सोंगायले जात जाव, आणि मंग मेहकरले मुलींच्या होस्टेलात स्वयंपाकाले लागली, त्याले चौदा वर्षं झाले. चौदा वर्षं मी ताटं पाहून राह्यली. कोणाचं घरी बिनसलं, कोण पेपरात गचकली, मले ताट सांगते, त्याले फॉर्म लागत नाही.

आता पायल. डोणगावची पोरगी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाले, अक्षर छापल्यावानी. आली तेव्हा ठेचा मागून घेई. दिवाळीनंतर पाहतो तर भाकरीचे तुकडे, तुकड्यांचे अजून तुकडे, मंग शेजारणीच्या ताटात, आणि सगळ्यांच्या आधी ही ताट घासायले उभी. केस गळून राह्यले, एप्रिलच्या उन्हात स्वेटर. काय सांगू तुम्हाले, मेहकरच्या एप्रिलात स्वेटर. म्या इचारलं तर म्हणे, मावशी, मी लय जाडी दिसतो. हाताची हाडं दिसून राह्यली होती तिच्या.

तर फॉर्म. आमच्या होस्टेलची एक रीत आहे, फॉर्म कोणताही असो, स्कॉलरशिपचा असो की एस्टीच्या पासचा, एक पोट्टी वाचते आणि बाकीच्या तिचं पाहून भरतात, कारण खाडाखोड झाली की वॉर्डनबाई पुन्हा भरायले लावते. आणि वाचणारी कोण, तर पायल. जेवणाची धास्ती वाटते का? कधीच नाही. जाडं होण्याची भीती वाटते का? कधीच नाही. घासाचे बारीक तुकडे करता का? कधीच नाही. चाळीस माना खाली, चाळीस पेनं चालू. मॅडम तिकडं वॉर्डनबाईच्या खोलीत चहा पिऊन राह्यल्या होत्या, पोट्ट्यांले मोकळेपणानं लिहिता यावं म्हणून.

मी कणकेच्या हातानं तशीच गेली. म्हटलं, मॅडम, त्या वाचणाऱ्या पोरीकडं एकदा पाहा. मॅडम हसल्या. वाईट नव्हत्या हो बाई. म्हणे, मावशी, आपण बाहेरून पाहून ठरवायचं नसतं, तिचं तिनं सांगायला हवं. म्हटलं ती नाई सांगत, तोच तर तिचा रोग आहे. तर म्हणे म्हणूनच आम्ही नाव लिहायला लावत नाही, नाव नसलं की कोणी लपवत नाही. अवो, नाव नाही तर उद्या ती पोरगी सापडन कशी? वॉर्डनबाई म्हणे, कमल, तुहा भात लागून राह्यला. भात नव्हता लागत. मी गॅस बंद करून आली होती.

आठ दिवसांनी पायल जिन्यावरून पडली. पाय घसरला म्हणे. मीच तिले बुलढाण्याले दवाखान्यात नेलं. डॉक्टर कोवळं पोरगंच होतं, त्यानं बी कागद काढला आणि तिलेच इचारलं, जेवण व्यवस्थित आहे का. हो सर, एकदम व्यवस्थित. आणि तो लिहायले लागला. माहं डोकंच फिरलं. म्या त्याच्या कागदावर हात ठेवला. म्हटलं, लिहू नका साहेब. मले इचारा. मी वाढतो तिले.

त्यानं पेन खाली ठेवलं. म्या दिवाळीपासून सांगतलं, भाकर, शेजारीण, स्वेटर, सगळं. पायल भिंतीकडं तोंड करून रडत होती, म्हणे मावशी, तुम्ही चुगली केली. केली. पुन्हा करीन. त्याच दिवशी तिले भरती केलं.

आता ती डोणगावले मायजवळ आहे, इलाज चालू आहे, लय दिवस लागतात म्हणे. दर आयतवारी मी एस्टीनं जातो, तिच्यासमोर बसतो, ती कधी अर्धी भाकर खाते, कधी मले जा म्हणते. म्हणू दे. जगो, बरी होवो, जन्मभर माह्यावर रागावो.

इकडं त्या फॉर्मांची बेरीज झाली. सगळे एकसारखे आले म्हणून संशय यावा ना, तर कौतुक झालं. मोठ्या लोकांसमोर वॉर्डनबाईले शाल, आणि होस्टेलले प्रमाणपत्र, का इथल्या सर्व मुली जेवणाच्या बाबतीत निरोगी आहेत. काचेच्या फ्रेममधे जेवणाच्या हॉलात लावलं आहे. खिळा मीच ठोकला, वॉर्डनबाईचा हात पुरत नव्हता.