हेमाची सही

प्रेमला : सुखदेव, तुझ्या लेकीनं आज भर सभेत मला मान खाली घालायला लावली. विचार तिला.

सुखदेव : आई, तिचं भाषण ऐकायला तूच नवी साडी नेसून गेलीस की.

प्रेमला : गेले. आन् ऐकलं काय? शेजारच्या हेमाला! खराडीत मालकिणीनं तिच्या पिशवीची झडती घेतली, ती जिन्यात बसून कशी रडली, सगळं भोंग्यातून. लोकं बिस्किटं खात ऐकत व्हती.

तनुजा : आज्जी, घरकामाच्या बायकांनी फोनवर बोलून तक्रार केली तर मशीनला समजावी, म्हणून माझ्या संशोधनासाठी त्यांचे आवाज रेकॉर्ड केले ना. कॉम्प्युटरवाले, समाजशास्त्रवाले, सगळे होते तिथे. आणि हेमामावशीचं नाव पुसलं होतं मी.

प्रेमला : आवाज कुठं पुसलास? मी तिसऱ्या शब्दाला वळखला. मालकीण न्हाई वळखणार?

तनुजा : तिची सही आहे. संमतीचा फॉर्म विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीनं तपासून पास केलाय.

प्रेमला : सही करताना तिच्या शेजारी कोण बसलं व्हतं, ते ठावं हाय का त्या कमिटीला?

तनुजा : ...तू.

प्रेमला : मी. "माझी नात हाय, करा गं सह्या," म्हणाले. सह्या केल्या त्या चौदाजणींना कामं मी लावून दिली. माझ्या तोंडावर न्हाई कोण म्हणंल?

सुखदेव : म्हणजे चूक तुझीच झाली.

प्रेमला : तू चहा पी. ...झाली माझीच. म्हणून तर झोंबतंय.

तनुजा : सोमवारी प्रबंध द्यायचाय गं. आता परत विचारलं आणि सगळ्या नाही म्हणाल्या तर तीन वर्षं पाण्यात!

प्रेमला : तू तीन वर्षांनी परत लिहिशील. हेमाचं काम गेलं, तर तिला तुझं मशीन दारात उभं करंल का? उद्या ती कामाला निघायच्या आत जा. तिचं बोलणं तिला ऐकव. कोणकोण ऐकणार ते सांग. मग विचार.

तनुजा : बरं. चौदाहीजणींना परत विचारते. पण तू चल सोबत.

प्रेमला : मी आले तर ती हो म्हणंल.

तनुजा : आणि एकटी गेले, आणि नाही म्हणाली तर?

प्रेमला : तर तिचा आवाज तिच्यासमोर पूस. आन् तुझ्या त्या जाड पुस्तकात लिही, की हेमा न्हाई म्हणाली. माझ्यासमोर तिला ते कधी म्हणता आलं न्हाई, हेबी लिही.