पेडण्याहून आणलेला वळू

प्रभावती : कासरा सोडा, भावजी. माझी गाय या वळूला दाखवायची नाही म्हणजे नाही.

गोकुळदास : अगो प्रभावती, सगळं सर्वण गाव अंगणात जमलंय! गावातला वळू निम्म्या गायींचा बाप झाला, नवं रक्त आणा, असं गुरांचे डॉक्टरच म्हणाले ना? म्हणून आपल्या गोपालक मंडळानं हा पेडण्याहून आणला. बघ तरी, पांढराशुभ्र. एक डाग नाही.

प्रभावती : नवं रक्त कसलं कपाळाचं! हा आमच्या चांदीच्या पोटचा. ही गाय पण चांदीचीच. सख्खी भावंडं ही.

गोकुळदास : काहीतरीच. पांढरे वळू सगळे सारखेच दिसतात.

प्रभावती : तुम्हाला दिसतात. डावा कान बघा त्याचा. कुंपणाच्या तारेत फाटला तेव्हा पंधरा दिवस हळद मी भरली.

गोकुळदास : बाबुराव, वळू तुमचा. तुम्हीच सांगा हिला.

बाबुराव : मी कशाक खोटा सांगू? पाच वर्सांमागे लहान पाडो म्हणान घेतलंय. देणारो सर्वणचोच, पांडुरंग.

प्रभावती : आणि पांडुरंगाला कोणी दिला? आमचे हे इस्पितळात होते तेव्हा, मला न विचारता?

गोकुळदास : दिला मी. बसून खात होता. तो फिरून येईल हे मला काय ठाऊक! बरं, एक वेळ होऊन जाऊ दे. गुरांना कसलं आलंय नातं?

प्रभावती : पोरीचं लग्न ठरवताना गोत्र एक निघालं तर चहा न घेता उठता तुम्ही! गेल्या वर्षी मालतीच्या गोठ्यातली दोन वासरं उभीच राहिली नाहीत. बाप-लेकीची होती ती. मी पुरली माझ्या हातांनी. पांढरीशुभ्र होती हां. बाबुराव, दुसरा वळू आहे तुमच्याकडे?

बाबुराव : आसा एक. आवस बांद्याची, बापूस दोडामार्गाचो. पण पाठीर काळे ठिपके.

प्रभावती : तोच हवा.

गोकुळदास : मंडळाच्या वहीत पांढरीच गुरं चढतात. ठिपक्यांचं वासरू चढणार नाही, सांगून ठेवतो.

प्रभावती : नको चढू दे. वही तुम्ही सांभाळा, गोठा मी सांभाळते.

गोकुळदास : आणि बाहेर हार घेऊन उभे आहेत त्यांना काय सांगू?

प्रभावती : खरं तेच सांगा. मुलीकडच्यांचा नकार आहे.