नानांच्या राखणीतली बॅटरी

आमच्या घरगाडीच्या, म्हणजे कॅम्परव्हॅनच्या, बॅटरीचं सांगायचं राहिलंच की! गाडीतले दिवे-पंखे चालवणारी ती लिथियमची, महागडी. मे महिन्यात गाडी फैजपूरला काकांकडे ठेवली. त्यांना आम्ही नाना म्हणतो, केळीचा धंदा आहे त्यांचा.

मी बजावलं, "नाना, बॅटरी अर्धी चार्ज आहे, तशीच राहू द्या. फक्त तापू देऊ नका."

आठवड्याने गेलो, तर गाडीत बॅटरीच नाही! नानांना शोधत सुटलो. ते सापडले केळी पिकवायच्या एसी खोलीत. क्रेटवर बॅटरी आणि शेजारी खाट टाकून नाना आडवे.

"नाना, खाट कशाला?"

"इतकी महागाची चीज, एकटी कशी सोडू रे भो?"

"बरं, आता नेतो तिला."

नानांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. "एवढ्या उन्हात? पाऊस पडू दे, मंग ने."