हिरव्या कापडाचा मांडव

सौंसरच्या बसस्टँडवर पंचफुलाबाई गाडीची वाट पाहत होती. मागच्या बाकावर शहरातून माहेरी आलेली अमिता आणि गावचे काका बोलत होते. कोणी मांडवाचं नाव काढलं की पंचफुलाबाईला कीर्तनच आठवायचं. तिचे कान तिकडे वळले.

"आम्हाले वाटलं, काका, सप्त्याचा मांडव आहे. बायांनी बांबू धरले, मजुरांले चहा पाजला. मंग समजलं, विदेशी पाव्हण्यांले आमची वस्ती दिसू नाई म्हणून हिरवं कापड बांधून राहिले."

"एवढी मोठी परिषद, तं खर्च होनारच. शहराचं नाव झालं, रोड झाले."

"झाले ना."

"आपल्या घरी बी सोयरे आले की फाटकी गोधडी लपवतोच आपण."

"गोधडी लपवतो. मायले लपवतो का?"

"म्हणजे?"

"माय माझ्याकडंच राहे. तिले दम लागला, तं ॲम्बुलन्सवाला कापडाच्या त्या बाजूनं चकरा मारत राहिला. फोनवर म्हणे, इथं गल्लीच नाई."

"कापड फाडा लागत होतं."

"फाडलं. पण उशीर झाला, काका."

पंचफुलाबाईला राहवलं नाही. तिने मागे वळून विचारलं, "बाई, मायले समजलं होतं का, मांडव कशाचा होता ते?"

"नाई. आम्ही सांगतलंच नाई. चांगलं लुगडं नेसून बसे. जाता जाता बी विचारलं, 'महाराज आले का वं?'"

"मंग तू काय म्हणली?"

"म्हटलं, आले."