बाराला सूर्य डोक्यावर नसतो

माझा जन्म गिरगावातला. वडील शिवडीला गोदीच्या गोदामात गोण्या मोजायचे, दिवसभर मोजायचे आणि घरी आले की हातपाय धुऊन आम्हा भावंडांकडून पावकी, निमकी, पाउणकी म्हणून घ्यायचे. चुकलं की परत पहिल्यापासून. त्यामुळे काय झालं, आकडा चुकलेला मला दिसला की बोलल्याशिवाय राहवत नाही, आजही राहवत नाही, आमच्या घरात सगळे म्हणतात, हिला दुखणं आहे ते. असेल. फायनल पास झाले, ट्रेनिंग केलं आणि लालबागच्या शाळेत लागले, चौथीवर. लग्न होऊन दादरला आले तरी शाळा तीच. सगळी गिरणीवाल्यांची मुलं, अर्धी वर्गात, अर्धी रस्त्यावर.

वर्षं संयुक्त महाराष्ट्राची. आठवड्यात चार दिवस शाळा भरली तर खूप. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा पोलिसांनी रस्ता अडवलेला. पोरांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच, शाळेच्या भिंतीवर कोळशाने महाराष्ट्राचा नकाशा काढायची, आणि मुंबई एवढी मोठी काढायची की कोकणाला जागा उरायची नाही. अशात मी शिकवतेय काय तर विषुववृत्त. गोलावरची रेघ दाखवली, म्हटलं, ही रेघ खरी नाही, मानलेली आहे, हिच्यावर उत्तर गोलार्ध, खाली दक्षिण गोलार्ध. लगेच एक उठला, बाई, ही रेघ दिल्लीवाल्यांनी मारली? दुसरा म्हणाला, मुंबई कुठच्या बाजूला घातली? म्हटलं, वरच्या. मग टाळ्या काय, घोषणा काय! शेजारच्या वर्गातून गुरुजी आले बघायला. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी अक्षांश तिथेच राहिले.

पण वेळेचा धडा त्यांना पटकन कळला, त्याचं कारण गिरणीच्या पाळ्या. म्हटलं, इथे दिवस तेव्हा अमेरिकेत रात्र, तर एक जण म्हणतो, म्हणजे अमेरिका रात्रपाळीला. झालं, मला पुढे समजवावं लागलंच नाही. या धड्याच्या शेवटी एक वाक्य होतं, दुपारी बारा वाजता सूर्य आपल्या डोक्यावर येतो व सावली सर्वांत लहान होते. आता हे मुंबईला लागू नाही. शेवंतीने ते पकडलं.

शेवंती म्हणजे, तिच्यासाठीच तर हे सांगतेय. वडील गिरणीत साच्यावर, मूळचे मालवणकडचे, ही तिघींतली थोरली, दहा वर्षांची. चौथीनंतर हिला घरी बसवायचं, धाकट्यांना सांभाळायला, हे ठरलेलं होतं. मी दोनदा घरी जाऊन आले तेव्हा वडील एवढंच म्हणाले, दादरच्या त्या हायस्कुलात फुकट घेतात ना दोन मुलींना परीक्षा घेऊन, तिथे घेतलं तर शिकू दे, नाही घेतलं तर पुरे. तेव्हापासून मी तिला शाळा सुटल्यावर अर्धा तास जास्त बसवत होते.

तर शेवंती म्हणाली, बाई, आजोबा म्हणतात घड्याळातले बारा खरे नव्हेत, मुंबई टाइमाचे बारा खरे. मुंबईचं पूर्वी वेगळं घड्याळ होतं, आताच्यापेक्षा मागे, जुनी माणसं अजून तसं बोलायची. मी तिला गप्प बसवू शकले असते. पण गोण्या मोजणाऱ्याच्या मुलीला ते कसं जमणार? डिसेंबर संपत आला होता, मी वर्गच गच्चीवर नेला, एक काठी उभी केली आणि बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. बाराला सावली लांबच होती, सव्वाबाराला कमी झाली, साडेबारा ते पाऊण यांच्या मध्ये सगळ्यांत लहान, मग परत वाढायला लागली. मग खाली येऊन हिशेब. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशावर, मुंबई अंदाजे पावणेत्र्याहत्तरावर, फरक पावणेदहा, अंशाला चार मिनिटं, पावणेदहा चोक एकोणचाळीस. म्हणजे बारा एकोणचाळीस. रोज तेवढंच नसतं, काही मिनिटं इकडेतिकडे होतं, तेही सांगितलं, पण मुंबईत बाराला कधीच नाही. हा हिशेब फळ्यावर शेवंतीने केला. इतका आनंद मला नोकरीत कधी झाला नव्हता.

एप्रिलात तिला घेऊन हायस्कुलात गेले. लेखी चांगलं गेलं. तोंडीला मुलगी घाबरू नये म्हणून शिक्षकांना आत बसू देत होते. तीन जण समोर, त्यातले वयस्कर सर विचारत होते. नद्या झाल्या, गणित झालं, सर खूश दिसले. मग विचारलं, मुंबईत सूर्य डोक्यावर कधी येतो गं? शेवंती म्हणाली, पाऊण वाजायच्या जरा आधी. बाकीचे दोघे हसले. सर म्हणाले, अगं, घड्याळ कळतं ना तुला? ती म्हणाली, मला कळतं, सूर्याला नाही कळत. सरसुद्धा हसले हो, खरंच हसले, म्हणाले, धीट आहे पोरगी. बरं, बारा म्हण आणि मोकळी हो.

शेवंतीने माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवायची होती, बस. तिने बारा म्हटलं असतं आणि पुढचा प्रश्न आला असता. आणि मी काय केलं, मी उठले, म्हटलं, सर, तिचं बरोबर आहे, आणि फळ्याजवळ जाऊन खडू घेतला. साडेब्याऐंशी लिहिलं, पावणेत्र्याहत्तर लिहिलं, वजाबाकीची रेघ ओढली, तेवढ्यात सर म्हणाले, बाई, परीक्षा तुमची आहे की मुलीची? खडू खाली ठेवा. मग तिला एकही प्रश्न विचारला नाही.

यादीत नाव नव्हतं. माझ्यामुळेच गेलं असं मी म्हणणार नाही, तेरा मुली होत्या, जागा दोन, मला इतरांचे मार्क माहीत नाहीत. पण माझ्यामुळे नाही गेलं, असंही मला म्हणता येत नाही.

शेवंतीच्या घरी सांगायला गेले. वडील रात्रपाळी करून झोपले होते, उठून बसले, सगळं ऐकून घेतलं, शेवंतीने लपवलं नव्हतंच. म्हणाले, तुमचा बरोबर असात, बाई, पण मान हलवक तुमका काय झाला? मी म्हटलं, पोरीला खोटं बोल असं कसं सांगू? ते म्हणाले, खोटा खय? पुस्तकातला तर हुता. आईने चहा दिला, तो मी कसा घेतला मला ठाऊक. शेवंती धाकटीला कडेवर घेऊन दारात उभी होती.

पुस्तक काढणाऱ्या खात्याला मी पत्र लिहिलं, आकडेमोडीसकट. उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. परत लिहिलं, परत तेच उत्तर, नुसता जावक क्रमांक वेगळा. मग महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, पेढे वाटले, पुस्तकं नव्याने छापली, मुखपृष्ठ बदललं, चित्रं बदलली. बारा तसेच. दरवेळी नवीन पुस्तक आलं की मी आधी ते पान उघडते. चिडून तरी किती चिडायचं माणसाने?

शेवंतीचं लग्न सोळाव्या वर्षी झालं, शाळेजवळ परळलाच राहते, आणि तिची मुलगी आता माझ्या वर्गात आहे. मध्यंतरी शाळा सुटताना शेवंती फाटकाशी थांबली, म्हणाली, बाई, तो सूर्याचा धडा आला काय? म्हटलं, पुढच्या आठवड्यात. म्हणाली, हिला पुस्तकात आहे तेच सांगा हां, हिला मला कॉलेजात घालायचीय. बोलली हसत, पण माझा दंड घट्ट धरला होता.

मी बरं म्हटलं. सोमवारी फळ्यावर बारा लिहिलं, हाताला जड गेलं, पण लिहिलं. पोरीने वहीत उतरवून घेतलं, आईसारखंच गोल अक्षर, आणि वही माझ्यापुढे आणून धरली. मी बरोबरची खूण केली, खाली सही केली. शिकू दे तिला, खूप शिकू दे, माझ्या चुकीच्या सहीवर का होईना.